रोज्यातला फुगलेला गाल

मुक्बिलचं वागणं मला मुळीच आवडलेलं नाही. माझ्या शेजारी, अंगाला अंग लावून, त्याने पाण्याची प्लास्टिकची बाटली आणून ठेवली आणि दुपारच्या बैठकीत माझ्याकडे ढुंकूनही न बघता तो तिच्यात थुंकू लागला. बाटली! वरून गळा कापलेली, पोटावर अर्धवट सोललेला कागद. बैठक उठली की तो ती जाकिटाखाली लपवायचा आणि स्वतः खाली जाऊन फेकून यायचा. ज्याने आयुष्यात स्वतःचा पाण्याचा पेला उचलला नाही, तो थुंकी फेकायला चार मजले उतरतो! मी काय समजायचं? म्हातारी झाले, नकोशी झाले, हेच ना?

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची पिकदाणी आहे. नाक मुरडू नका. तुमच्या तोंडातलं तुम्हाला नको होतं म्हणून तर मी जन्माला आले.

सना शहराच्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. पोट गोल, मान बारीक, ओठ पसरट. ओठांभोवती त्याने काही अक्षरं कोरली. ती मला वाचता येत नाहीत. माझी मालकीण तकिय्या, तिलाही येत नाहीत. कुणी पाहुणा मोठ्याने वाचू लागला की आम्ही दोघी, आपल्याला हे केव्हाचंच ठाऊक होतं, असा चेहरा करतो. तकिय्या लग्न होऊन जिब्ला गावातल्या या दगडी घरात आली तेव्हा तिच्या सामानात मी होते. तिच्या जावांच्या पिकदाण्या पत्र्याच्या होत्या. मी कुणाला हिणवत नाही, फक्त सांगते.

माझी जागा वरच्या मजल्यावर, रंगीत काचांच्या खिडकीखाली, घरधन्याच्या उजव्या हाताला. दुपारचं जेवण झालं की पुरुष गाद्यांवर रेलतात, कात नावाच्या झुडपाची कोवळी, तरतरी आणणारी पानं खुडतात (तुमच्या विड्यातला कात वेगळा) आणि चावून चावून एका गालात साठवत जातात. पान गिळायचं नाही, रस तेवढा घ्यायचा. संध्याकाळपर्यंत ज्याचा त्याचा गाल लिंबाएवढा फुगतो. गप्पा होतात, भांडणं मिटतात, लग्नं ठरतात आणि शेवटी चोथा माझ्या पोटात येतो. माझ्यासमोर मोठमोठ्या शेखांनी तोंडं उघडली आहेत. कुणाच्या हिरड्या कुजल्या, कुणाची जीभ तंबाखूच्या भुकटीने भाजली, कुणाचं नाक घशात गळतं, सगळं मला ठाऊक. मी कधी कुणाची चहाडी केली नाही.

चहाडी करायची गरजच नव्हती. मला रिकामं करण्याचं काम तकिय्याने कधी सुनेला दिलं नाही, मोलकरणीला तर नाहीच. संध्याकाळी ती मला गच्चीवर नेते, उजेडात धरते, आत बघते आणि मगच ओतते. नंतर राख आणि लिंबाची साल घेऊन अशी घासते की सूर्याने माझ्यात तोंड बघावं. तिचा नवरा याह्या जिवंत होता तेव्हा ती गच्चीवरूनच ओरडायची.

"याह्या! हिरड्यांतून रक्त येतंय तुझ्या. मिठाच्या पाण्याने चुळा भर, नाहीतर म्हातारपणी नुसती पेज पीत बसशील."

"तुला गं कुणी सांगितलं?"

"तुझ्या थुंकीनं सांगितलं. तू काही सांगतोस का मला?"

याह्या हसायचा आणि चुळा भरायचा. मेला तेव्हा त्याच्या तोंडात सगळे दात होते. ते तकिय्याचं आणि माझं काम.

त्याच्या जागेवर मग त्याचा मुलगा मुक्बिल बसू लागला. मुक्बिल इब्ब शहराच्या रस्त्यावर टॅक्सी चालवतो, घर चालवतो, पोरांना खांद्यावर घेऊन नाचतो. माणूस चांगला. पण आईला भिणारा. मला वाटलं, बाटली हे नव्या जमान्याचं खूळ असेल. बैठकीत सगळे त्याच्या गालाची थट्टा करायचे. "मुक्बिल, पानं घेतलीस की अख्खं झाड?" तोही हसायचा, एकाच बाजूने. सकाळीही तो गाल वर आलेला दिसायचा. पण त्याचं इथे कुणाला काय! वर्षानुवर्षं कात धरलेला गाल सैल पडतोच, असं सगळे म्हणतात. बायको नूरियाने विचारलं तर म्हणाला, दाढ दुखते. तिने लवंगा दिल्या. मी माझ्या अपमानात इतकी बुडाले होते की माझ्यापासून तो काय लपवतो, हे माझ्याही ध्यानात आलं नाही.

मग रमजान लागला. रमजानात दिवसा पाण्याचा थेंब तोंडात जात नाही, मग कात कुठला? बैठका सूर्य मावळल्यावर. त्या दिवशी दुपारची नमाज झाली होती. तकिय्या गच्चीवर मला घासत बसली होती, नूरिया शेजारी शफूतसाठी, रोजा सोडताना खायच्या दही-भाकरीसाठी, दही घुसळत होती. एवढ्यात जिन्यात आरडाओरडा झाला. तकिय्याचा धाकटा भाऊ सरहान मुक्बिलचं मनगट धरून त्याला ओढत वर आणत होता. सरहानचा आवाज असा की मशिदीला भोंग्याची गरज नाही.

"बघ तकिय्या, बघ तुझा लेक! रोजा चालू आणि गालात कात! मशिदीत माझ्या शेजारी उभा राहिला, गाल हा एवढा! लोक बघतायत, खाणाखुणा करतायत. मी म्हटलं, थुंक. तर हा थुंकतही नाही. शेळी बरी, शेळी! तिला तरी कुणी रोजा सांगितलेला नसतो."

"मामा, सोडा हात," मुक्बिल पुटपुटला.

"तोंड उघडायला सांग त्याला. बाप असता तर घराबाहेर काढला असता."

तकिय्या उठली. हाताला राख तशीच. "मुक्बिल, गालात काय आहे?"

"काही नाही, यम्मा."

"मग उघड तोंड."

मुक्बिल उभाच. चाळिशीला आलेला माणूस, मान खाली, ओठ घट्ट. मित्रांनो, आमच्याकडे रोज्यात खाल्लं ही शिवी फार मोठी. त्या बोलाने माणसाचं गावात बसणं-उठणं संपतं. ती शिवी अंगावर घ्यायला तो तयार होता, तोंड उघडायला तयार नव्हता. तेव्हा माझ्या पितळेला थंडी वाजली.

"ऐकलंस ना? उघड म्हणते."

"यम्मा, राहू दे. मामा म्हणतात तसंच आहे. खाल्लं मी."

तकिय्याने त्याची हनुवटी धरली. त्याचे डोळे भरले आणि त्याने तोंड उघडलं. जीभ उपासाने कोरडी, पांढरी. पानाचा एक तुकडा नाही, हिरवा डाग नाही. आणि तरी गाल तसाच फुगलेला. गालाच्या आत मांसाची एक गाठ, वरून फुटलेली, कडेने रक्त साकळलेलं.

सरहानच्या हातातून मनगट आपोआप सुटलं. नूरियाचं दही सांडलं. "दाढ म्हणाले होते मला," ती म्हणाली. "लवंगा दिल्या मी. लवंगा!"

"कधीपासून?" तकिय्याने विचारलं.

"थंडीपासून. आधी वाटाण्याएवढी होती. मग थुंकीत रक्त येऊ लागलं."

"आणि मला का दिसलं नाही?"

"तुला दिसू नये म्हणून तर बाटली आणली, यम्मा. तू त्या पिकदाणीत रोज बघतेस."

ऐकलंत? त्याने मला टाकलं ते मी खरं दाखवते म्हणून! एवढं मोठं मानपत्र मला आजवर कुणी दिलं नव्हतं, आणि मला ते तेव्हा मुळीच नको होतं. मला हवं होतं ते पोर.

तकिय्या रडली नाही. हात धुतले, शाल घेतली आणि म्हणाली, "सरहान, गाडी काढ. तोंड नंतर पाड."

इब्बच्या हॉस्पिटलात मला कोण नेणार? मी गच्चीवर अर्धवट घासलेली पडून राहिले. पुढचं सगळं मी नंतर घरातल्या बोलण्यातून ऐकलं. तिथली डॉक्टरीण इल्हाम म्हणाली की लाळ करणाऱ्या बारीक बारीक ग्रंथी गालाच्या आत असतात, त्यातली एक बिघडून वाढली आहे. तुकडा काढून तपासला. गाठीची जात वाईट निघाली, कर्करोगाची. पण गळ्यात उतरलेली नव्हती, हाडाला लागलेली नव्हती. तकिय्याने विचारलं, हे कातने केलं का? डॉक्टरीण म्हणाली, या जातीचं कशाने होतं ते नक्की सांगता येत नाही, पण कातच्या आड ते छान लपलं. आणखी एक रमजान लपलं असतं तर माझ्या हातात काही उरलं नसतं, असंही ती म्हणाली.

गाठ कापून काढली. मांडीचं कातडं गालाच्या आत लावलं. ईदनंतर मुक्बिल घरी आला तो एका बाजूने ओढलेलं तोंड घेऊन. सरहान त्याच्या पायाशी येऊन बसला.

"मी भर मशिदीत ओरडलो रे तुझ्यावर. चारचौघांत."

"ओरडलास म्हणून वाचला तो," तकिय्या म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा तुझ्या ओरडण्याचा कुणाला उपयोग झाला. चहा पी आणि गप्प बस." मग मुलाकडे वळून म्हणाली, "आणि तू आता अर्ध्या तोंडाने बोल. पूर्ण तोंड होतं तेव्हा कुठे काही सांगितलंस!"

मुक्बिल हसायला गेला आणि टाके दुखले म्हणून रडवेला झाला.

मला तिने पुन्हा घासलं, उकळत्या पाण्याने धुतलं आणि त्याच्या उशाशी ठेवलं. मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरायच्या, त्या माझ्यात टाकायच्या. कातचं पान त्या खोलीत कुणी आणत नाही. आयुष्यभर मी पुरुषांचा चोथा झेलला, पण या चुळांइतकं मोलाचं काही माझ्या पोटात आलं नव्हतं. ज्या तांबटाने मला घडवलं त्याचं भलं होवो. ज्या बाईने मला कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही तिचं भलं होवो. इल्हामच्या हातांचं भलं होवो, आणि सरहानच्या घशाचंही.

मित्रांनो, तुमच्या तोंडात एखादा फोड बरा होत नसेल, गालात, जिभेखाली, कानापाशी गाठ लागत असेल, थुंकीत किंवा नाकातून पुन्हा पुन्हा रक्त येत असेल, तर घरातली जी बाई सगळ्यात कडक असेल तिला आधी दाखवा आणि मग डॉक्टरकडे जा. कडक बाई ओरडेल. ओरडू दे. आणि घरातल्या जुन्या भांड्यांना अडगळीत टाकू नका. ती तुम्हाला ओळखतात.

काल दुपारी मुक्बिल एकटाच होता. चूळ भरली, माझ्यात टाकली. पाणी गुलाबी. त्याने आत बघितलं, दाराकडे बघितलं. मला उचललं. मी समजले, आता हा चालला न्हाणीघरात ओतायला. उठलाही अर्धा. मग तसाच खाली बसला, मला मांडीवर घेतलं आणि ओढल्या तोंडाने हाक मारली.

"यम्मा! जरा इकडे ये. हे बघ."

तकिय्या आली. मला खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं. "एवढं येतं म्हणाली होती डॉक्टरीण. तरी उद्या दाखवू," म्हणाली आणि मला परत त्याच्यासमोर ठेवलं. ठेवताना मी फरशीवर खणकन वाजले. मला बोलायला तेवढाच आवाज आहे, तो मी पुरेपूर वापरला.

"मुक्बिल," मी म्हटलं, "तुझ्यावरचा राग मी सोडला. पण ऐकून ठेव. जिने तुझी पहिली ओकारी स्वतःच्या बाहीने पुसली, तिच्यापासून थुंकी लपवणारा माणूस शूर नसतो, बावळट असतो. तू बावळट होतास. आज दुपारपासून नाहीस. थुंक बाळा. लाल येवो, पांढरं येवो, येईल ते येऊ दे. आम्ही दोघी बघून घेऊ."