वगळलेली तीन रोपं

फिल्ममध्ये दोन मिनिटं चौदाव्या सेकंदाला ओल्या कागदावर घेवड्याची पंचवीस रोपं होती. पंधराव्या सेकंदाला बावीस. मधे चित्र जरासं उजळलं होतं आणि संगीताची एक लकेर वाजून गेली होती, त्यामुळे साहेबांच्या खोलीत बसलेल्या सहा जणांपैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. मी मोजत होते, कारण मोजणं हेच माझं काम आहे.

आमची प्रयोगशाळा बियाणं तपासते. बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या, ठरलेल्या दिवशी उलगडायच्या आणि किती रोपं चांगली, किती सदोष, किती बिया मेलेल्या ते लिहायचं. चांगलं आणि मेलेलं कुणालाही ओळखता येतं. सदोष ओळखायला डोळा लागतो, आणि तसा डोळा आमच्याकडे आक्कांचाच आहे. एकतीस वर्षं त्या टेबलावर बसलेल्या आक्का सहा आठवड्यांनी निवृत्त होणार होत्या. त्यांना येतं ते नव्या मुलींसाठी फिल्ममध्ये साठवून ठेवायचं, असं आठ महिन्यांपूर्वी ठरलं होतं. साहेबांनी तेव्हाच मला विचारलं होतं, "मॅडम, तुम्हीच का नाही करत?" मी "बघते" म्हणाले. कॅमेरा लावून चित्रण तेवढं मी केलं. पुढचं काम बाहेरच्या एका स्टुडिओकडे गेलं आणि आज त्यांचा नमुना आला होता.

"मधली तीन रोपं कुठे गेली?" मी विचारलं.

"ती वाकडी होती ना मॅडम," स्टुडिओचा माणूस म्हणाला. "फ्रेम घाण दिसत होती. काढून टाकली."

आक्कांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे बाबा, ती वाकडी ओळखायचाच तर पगार घेतो आम्ही. तू नवरीच काढून टाकलीस आणि वऱ्हाड ठेवलंस!"

सगळे हसले, तोही हसला. साहेब हसले नाहीत. "मग दुसऱ्या कुणाला येतं हे? तीन आठवड्यांनी मला स्टुडिओशी करार करायचाय. तोवर कुणी असेल तर सांगा."

ते माझ्याकडे बघत होते. मी पेनाचं टोपण लावत राहिले. येत नाही ते चारचौघांत करून बघायची मला सवय नाही. शाळेतसुद्धा उत्तर पक्कं असल्याशिवाय मी कधी हात वर केला नव्हता.

पण ती तीन रोपं डोक्यातून जाईनात. त्याच संध्याकाळी मी मुलीकडून घरच्या संगणकावर व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर घालून घेतलं.

"आणि शिकायचं कशावरून?"

"आई, नेटवर धडे पायलीला पन्नास आहेत. लाव कुठलाही."

मी लावले. एक जण दहा मिनिटांत तज्ज्ञ करणार होता. त्यातली चार त्याने स्वतःचं कौतुक करण्यात घालवली. दुसऱ्याचा बाण पडद्यावर असा पळायचा की माशीच्या मागे धावल्यासारखं वाटे. तिसऱ्याने "डावीकडचं हे बटण दाबा" म्हटलं, आणि माझ्या डावीकडे ते बटणच नव्हतं. त्याच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती तीन वर्षं जुनी निघाली. मी रोज पहाटे साडेपाचला उठून हे बघत होते आणि नीट टिपणं काढत होते. सहा दिवसांत चाळीस पानं भरली.

"आता काय काय येतं?" आक्कांनी टेबलावर विचारलं.

"टिपणं आहेत."

"काठावर बसून पोहण्याचं पुस्तक वाचतेयस होय? बुडशील तरी कशी!"

मला राग आला, कारण ते खरं होतं. सहा दिवसांत मी एक सेकंदही कापला नव्हता. समोर कागदाची गुंडाळी उलगडत होते, आणि मनात आलं, पाकिटावरचं चित्र बघून आपण बियाण्याला कधी पास करतो का? मग धड्यांना का करायचं?

मी चाचणी आखली. बारा धडे निवडले. प्रत्येक धडा बघता बघता हाताने करायचा. चार दिवस ठेवून द्यायचा. पाचव्या दिवशी कोरं काम उघडून, वहीला हात न लावता तेच करून दाखवायचं. जमलं आणि का जमलं हेही सांगता आलं, तर धडा चांगला. जमलं, पण का ते ठाऊक नाही, तर सदोष. काहीच आठवलं नाही, तर मेलेला.

नवऱ्याने टेबलावरचा तक्ता वाचला. "बिचारे मास्तर! त्यांना ठाऊक तरी आहे का, इथे परीक्षा त्यांची चाललीय ते?"

निकाल असा लागला: सहा मेले, चार सदोष, दोन चांगले. त्या दोन धड्यांत सारखं काय आहे, हे मी शोधलं. लांबी नाही, आवाजाची गोडीही नाही. दोघांनी सुरुवातीलाच आवृत्ती सांगितली होती. दोघांनी स्वतःचं कच्चं चित्रण सरावाला दिलं होतं. आणि दोघेही मधे कुठेतरी चुकले होते आणि त्यांनी ती चूक काढून न टाकता ठेवली होती.

त्यातल्या एका बाईंचा आवाज घोगरा होता. बोलणाऱ्याचे ओठ आणि आवाज जुळेनात, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा, हे माझंच चुकलंय," आणि चूक कुठून सुरू झाली ते मागे मागे जात कसं शोधायचं, ते त्यांनी अकरा मिनिटं दाखवलं. मुलगी डोकावून म्हणाली, "आई, हिला तर हिच्या घरचेही बघत नसतील."

"मी बघतेय," मी म्हटलं. त्यांचे उरलेले सगळे धडे मी ओळीने केले.

कराराआधीच्या आठवड्यात आक्कांना पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसवलं. "तोंड नको माझं. बोट घे," त्या म्हणाल्या. मी बोट घेतलं. बोट एकेका रोपावर जाई आणि त्या म्हणत, "हे चालेल. हेही. हे बाद, मूळ बघ, टोकाशी थांबलंय."

जोडलेलं पहिलं मिनिट मी शुक्रवारी पहाटे बघितलं. आवाज दीड सेकंदाने मागे पडला होता. बोट पुढच्या धडधाकट रोपावर पोचल्यावर "बाद" ऐकू येत होतं. हे बघून शिकलेली मुलगी चांगलं बियाणं नापास करत राहिली असती. मी घोगऱ्या आवाजाच्या बाईंसारखी मागे मागे गेले. सव्विसाव्या सेकंदाला आक्कांची खोकल्याची उबळ कापताना चित्र कापलं होतं, आवाज कापायचा राहिला होता. तेवढाच तुकडा आवाजातूनही काढला. बोट आणि शब्द एकत्र आले. पंचवीसच्या पंचवीस रोपं जागेवर होती.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर कराराचा कागद होता. स्टुडिओचा माणूस पेन घेऊन बसला होता. मी ते मिनिट लावलं. संगीत नव्हतं. आक्का दाराशी उभ्या राहून बघत होत्या. "बाद" आलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

"हे शिकलात कुठे?" साहेबांनी विचारलं.

"शोधायला वेळ लागला."

"अजून चाळीस मिनिटांची फिल्म आहे मॅडम. आक्कांचे तीन आठवडे उरलेत. अडकलात तर?"

"अडकेन," मी म्हटलं. "आठ महिने हेच सांगायचं टाळत होते. फिल्म मी करणार आहे. रोज दोन ते चार मला आणि आक्कांना टेबलावरून मोकळं करा."