शून्याबद्दल बोलायचं नाही

मित्रांनो, मी एक जुना धावफलक आहे. ओहायोतल्या हार्लन फॉल्सच्या बेसबॉल मैदानाची मागची भिंत म्हणजे मीच. पत्र्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी सुटीच्या दिवशी खपून मला उभं केलं आणि हिरवा रंग दिला. माझ्या पोटात एक शिडी आहे. तिच्यावर चढून बर्नाडीन वोयचिक आकड्यांच्या पाट्या बदलायची. आधी तिचे वडील बदलायचे.

आमचा संघ जिंकायचा क्वचितच, पण गाव बेसबॉलवर जीव टाकायचं. पाहुण्या संघाने मारलेला चेंडू प्रेक्षकांत पडला, तर लोक तो मैदानात परत भिरकावायचे. शत्रूची भेट घरात कोण ठेवणार! आणि आमच्या गोलंदाजाने समोरच्यांना एकही फटका मारू दिला नसेल, तर माझ्यावरच्या त्यांच्या फटक्यांच्या शून्याबद्दल सामना संपेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचं नाही. बोललं की दृष्ट लागते. एकदा एक परगावचा जावई बोलून गेला आणि पुढच्याच चेंडूवर फटका बसला. बिचाऱ्याला सासऱ्याने उरलेला हंगाम खांबाआड बसवलं.

मग एका वसंतात टेप घेतलेली अनोळखी माणसं आली. त्यांनी मला मोजलं. संघाचा मालक दक्षिणेकडच्या पाहुण्यांना हसत हसत मैदान दाखवत होता. माझ्या पत्र्यावर काटा आला.

खुर्च्या पुसणाऱ्या ओटिसला बर्नाडीनने गाठलं. "ओटिस, ती माणसं बघितलीस ना?"

"कुठली माणसं? मी नाही बघितली."

"अरे, संघ इथून हलव..."

"बर्नाडीन, तोंड आवर! बोललीस की झालंच म्हणून समज. घे, शेंगदाणे खा."

ती गप्प बसली. सगळं गावच गप्प बसलं. न्हाव्याकडे, चर्चच्या पायरीवर, तिकिटाच्या रांगेत लोक हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि माझ्याकडे बघायचं टाळायचे. मला त्या शांततेची फार भीती वाटायची.

नगरपालिकेने सभा बोलावली. संघाला जाऊ द्यायचं का, कोणाला काही म्हणायचंय का, असं महापौरांनी विचारलं. सभागृह खच्चून भरलं होतं म्हणे. लोक टोप्या हातात धरून बसले आणि एकही जण उठला नाही.

"बघा," मालक म्हणाला, "कोणाची हरकतच नाही."

पानगळीत संघ दक्षिणेला गेला. आता मैदानात गुडघाभर गवत आहे. काल बर्नाडीन आली. शिडी चढली आणि आकड्याच्या रिकाम्या चौकटीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "नेऊ नका रे आमचा संघ! नेऊ नका!" माझा पत्रा थरथरला. समोरच्या खुर्च्यांवर ऐकायला कोणी नव्हतं.

सोमवारी मला पाडायला यंत्र येणार आहे. मित्रांनो, माझा गंज कोणी खरवडला नाही याचं मला काही वाटत नाही. पण तुमचा जीव कशावर असेल, तर त्यासाठी वेळेवर बोला. मला तोंड नव्हतं. त्या सगळ्यांना होतं.