आर्डिसचे स्वच्छ हात

माझ्या सासूबाई, आर्डिस, घर पुसत नाहीत, घराला धारेवर धरतात. मी आणि माझा नवरा नील कामावर गेलो की आमचा रांगता सोरेन त्यांच्याकडे असतो. त्याची खुर्ची, खेळणी, फरशी, सगळ्यावर जंतुनाशकाचा फवारा मारायचा, फडकं फिरवायचं आणि त्याच ओल्या हातांनी पोराला उचलायचं, ही त्यांची रीत. त्याच्या तोंडाभोवती लाल चट्टे उठायला लागले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नेमकं हेच विचारून घेतलं. "हाताला लागलेलं सगळीकडे जातं. आजींना सांगा," त्या म्हणाल्या.

सांगायचं कोणी? नील म्हणाला, "तू सांग, तुझं ऐकते ती." पळपुटा मेला. आमच्या मिनेसोटात तोंडावर कुणी कुणाला बोलतच नाही. शेजाऱ्याचं कुत्रं दारात घाण करून गेलं, तरी आम्ही "कुत्रं चांगलं अंगानं भरलंय हो" एवढंच म्हणतो. सोनारानेच कान टोचावेत म्हणून मी चर्चच्या महिला मंडळात काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यातल्या लोइसबाईंचं प्रात्यक्षिक ठेवलं. विषय, घरातली रसायनं.

लोइसबाईंनी फवाऱ्याच्या बाटलीत पोटात गेलं तरी न बाधणारं पाणी भरून आणलं होतं. एरवी दिसत नाही, जांभळ्या दिव्याखाली चमकतं. "कुणाला तरी टेबलं पुसायला द्या, पण सांगू नका," त्या माझ्या कानात म्हणाल्या. मी बाटली सरळ आर्डिसच्या हातात दिली.

"आर्डिस, टेबल पुसतेस की सोलतेस?" मंडळातली व्हर्ना म्हणाली.

"काहींच्या घरी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. त्यापेक्षा बरं," आर्डिस म्हणाल्या. बोलल्या व्हर्नाला, बघितलं माझ्याकडे. लेकी बोले सुने लागे. मनात म्हटलं, थांबा जरा.

त्यांनी सगळ्यांना कॉफी ओतली, लिंबाच्या वड्या वाढल्या आणि सोरेनला मांडीवर घेतलं. मग लोइसबाईंनी चर्चच्या तळघरातले दिवे मालवून जांभळा दिवा लावला. टेबलं चमकली. किटलीची मूठ चमकली, कपांचे कान चमकले, व्हर्नाची हनुवटी चमकली. बायका पोट धरून हसल्या. मग दिवा सोरेनवर आला. त्याच्या दोन्ही गालांवर बोटं उमटली होती आणि ओठ चमकत होते.

हसू थांबलं. आर्डिसनी आपले पंजे दिव्याखाली धरले आणि उलटसुलट करून पाहिले.

"ते चट्टे यामुळे?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर तसंच म्हणाल्या."

"कधी?"

"मागच्या महिन्यात."

"महिनाभर तू त्याला रोज माझ्याकडे सोडलंस," त्या हळूच म्हणाल्या, "आणि बोलली नाहीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चट्टे त्यांच्या हातांनी उठले होते खरे, पण महिनाभर ते उठू दिले मी. का, तर मला वाईटपणा नको होता. वर त्यांचा पाणउतारा सगळ्या मंडळासमोर.

त्यांनी सोरेनला माझ्याकडे दिलं, मोरीत कोपरापर्यंत हात धुतले आणि समोर येऊन बसल्या. सोरेन त्यांच्याकडे झेपावला. त्यांनी हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले.

चुकले, आता घ्या त्याला, एवढंच म्हणायचं होतं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"कॉफी छान झालीय," मी म्हणाले.

"बरी झालीय," आर्डिस म्हणाल्या. सोरेन त्यांच्याकडे हात पसरून रडायला लागला, आणि त्या आपल्या बाह्यांकडे बघत राहिल्या.