धाडच्या बाजारात माय दुसऱ्याच्याच मागं गेली

माझी माय सुलतानपूरहून बुलढाण्याला आली ती एका महिन्याच्या बोलीवर. कार्तिकातल्या अमावास्येला बाबांचे धाकटे भाऊ कडूबाकाका येणार, मायला इथं करमलं असेल तर एकटे परत जाणार, नसेल करमलं तर तिला आणि मला घेऊन जाणार, असं घरात सगळ्यांसमोर ठरलं होतं. तिला आणि मला! ‘आणि मला’ हे दोन शब्द माझ्याशिवाय कुणाला ऐकूच आले नव्हते बहुतेक.

आता मी का रडकुंडीला आले होते ते सांगते. जिल्हा परिषद नवी नवी झाली होती आणि बाबांना तिथं शिपायाची नोकरी लागली होती. गावात माझी शाळा सातवीलाच संपली होती, म्हणून जूनमध्ये बाबांनी मलाही बुलढाण्याला आणलं आणि आठवीत घातलं. माय तेव्हा आली नाही. शेतीची कामं होती, आजी होती, काकांची लहान पोरं होती. घरमालकीण सरस्वतीबाईंनी चार महिने आम्हा बापलेकीला भाकरी करून घातली. पण दिवाळीला गावी गेलो तेव्हा आजी म्हणाली, पोरगी चौदाची झाली, मायबिगर परक्या गावात नाही ठेवायची. म्हणून ही महिन्याची बोली.

आणि माझं तर तिथं एवढं छान चाललं होतं! जूनमध्ये हजेरीला ‘हजर’ म्हणायचं तरी माझा आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. मी ‘मले’ म्हटलं की मागच्या बाकावर खुसूखुसू हसू यायचं. आणि दिवाळीपर्यंत मी कवायतीला शंभर मुलींसमोर उभी राहून ‘सावधान!’ असं ओरडत होते की झाडावरचे कावळे उडावेत. शाळेत ‘मला’, घरी ‘मले’, दोन्ही झकास जमायला लागलं होतं. आता कुणी मला उचलून परत सुलतानपूरच्या गोठ्याशी नेऊन ठेवणार म्हणजे काय?

तर माय आली. पहिल्या दिवशी तिनं स्वयंपाक केला, भांडी घासली, खोली झाडली, आणि नऊ वाजता हात मोकळे करून बसली. मी शाळेत गेले, परत आले, तरी माय तिथंच.

“काय झालं माय?”

“काय होईन? तीन मानसाचा सैपाक हा काय सैपाक हाय? सुरू कराले गेलं तं सरते.” मग इकडेतिकडे बघून म्हणाली, “मले इथं गमून नाही राह्यलं, रुखमे.”

गमत नाही, म्हणजे करमत नाही! अजून पहिलाच दिवस होता!

चार दिवसांनी सरस्वतीबाईच आमच्या दारात येऊन बाबांना म्हणाल्या, “अहो रंगराव, बायकोला जरा फिरायला न्या. कोंडल्यासारखी झालीय ती.”

मायनं आतून विचारलं, “फिराले? कुठी?”

“कुठं असं नाही, झुंबरबाई. नुसतं फिरून यायचं.”

“काऊन?”

कशासाठी, हा मायचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. आमच्याकडं माणूस वावरात जातो, बाजाराला जातो, लग्नाला, मयतीला जातो. नुसतंच कोण जातं? पण संध्याकाळी बाबांनी खाकी कपडे उतरवून धोतर नेसलं, टोपी घातली आणि दारात उभे राहिले. माय निघाली, पण हातात रिकामी थैली घेऊन. कुणी पाहिलं तर भाजीला चालली असं वाटावं म्हणून.

आणि चालायचं कसं? तर बाबा पुढं, त्यांच्या मागं वीस पावलांवर माय, पदर कपाळापर्यंत, नजर खाली, बाबांच्या टाचांवर. गावात ती अशीच चालते, सगळ्याच चालतात. मी मधल्या मधे टपालासारखी.

“माय, बाबा म्हणतात ते कोर्ट हाय.”

“बरं.”

“बाबा, माय बरं म्हणते.”

“अजून काही म्हणते?”

“माय, बाबा विचारतात अजून काही म्हणते का?”

“त्याहीले म्हनाव समोर पाहून चाला!”

त्या दिवशी आम्ही पठाराच्या काठापर्यंत गेलो. तिथून खालचा सगळा मुलूख दिसतो, कापसाची वावरं, मधेच एखाद्या खेड्याचा धूर. बाबा तिथं आधीच येऊन उभे राहिले होते, जणू त्यांनीच तो मुलूख अंथरला होता. माय पोचली, तिनं पदर जरा वर केला, पाहिलं.

“इथं काय हाय?”

“दिसते ना खालचं.”

“पाह्यलं. चला, दिवा लावाचा हाय.”

बाबांचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं गेली माझी आठवी.

पण बाबा चिकाटीचे. पुढच्या वेळी त्यांनी मायला त्यांचं ऑफिस दाखवायला नेलं. सुटीचा दिवस, कुलूप लावलेलं, म्हणून खिडकीच्या गजांतून. मायनं पहिल्यांदाच वीस पावलांची दोन पावलं केली, कारण खिडकी एकच होती.

“तुमची खुर्ची कोनती?” तिनं विचारलं.

“खुर्ची सायबाची. माहा तो स्टूल.”

माय त्या स्टुलाकडं बराच वेळ बघत राहिली. साहेबाच्या खोलीच्या दारापाशी उघडा लाकडी स्टूल, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. घरी आल्यावर तिनं जुन्या गोधडीचा तुकडा काढला, चौकोनी शिवला, आणि सकाळी बाबांच्या डब्यासोबत ठेवून दिला. बाबा तो तुकडा हातात घेऊन दारात असे उभे राहिले की मलाच म्हणावं लागलं, “बाबा, उशीर होईल.”

मला वाटलं आता जमलं! मी शाळेत कवायतीला दुप्पट ओरडले.

आणि मग धाड गावचा बाजार आला.

बाबांना सुटी होती, बाजाराचा दिवस होता, आम्ही एसटीनं गेलो. माय पुढं बायकांत, बाबा मागं. बाजारात ही गर्दी! मिरच्यांचे ढीग, कांद्याची पोती, बांगड्यांची पाटी, गुळावर माश्या. आणि सगळीकडे धोतरं, पांढऱ्या टोप्या, कातडी वहाणा. आम्ही नेहमीसारखे निघालो, बाबा पुढं, मग मी, मग माय. थैली आता भरलेली होती. बांगड्यांपाशी मी थांबले, म्हणून बाबाही थांबले. हिरव्या घेऊ की लाल, असं मी विचारायला मागं वळले तर मागं माय नव्हती.

“माय!” मी ओरडले. “ओ माय!”

दहाबारा बायकांनी वळून पाहिलं. त्यात माझी एकही नाही.

बाबांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ते धावायलाच लागले. एकदा कांद्यावाल्याच्या पोत्यावर आपटले, टोपी पडली, तसेच पुढं. “रुखमीची माय! अवं रुखमीची माय!” असं ओरडत. लोक हसत होते, त्यांना पर्वा नव्हती. शेवटी बैलगाड्या सोडल्या होत्या त्या झाडांखाली मला मायचं लुगडं दिसलं.

झालं काय होतं, तर मायच्या डोळ्यांसमोरून एक धोतर आणि कातडी वहाणा गेल्या, आणि ती त्यांच्या मागं लागली. वीस पावलं राखून. नजर खाली. सगळा बाजार ओलांडून तो माणूस आपल्या गाडीपाशी आला, बैल जुंपू लागला, आणि वळून बघतो तर मागं भरली थैली घेऊन एक बाई उभी! त्याचं नाव पुंजाजी, म्हातारा माणूस. आणि त्याची बायको आशाबाई आधीच गाडीत बसलेली.

आम्ही पोचलो तेव्हा आशाबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. “मी तुमाले मिरच्या आनाले सांगतल्या होत्या. हे काय आनलं?”

“अवं मले काय मालूम? आपल्या आपच आली.”

“बाई, तू कोनाची हायस? बोल तं खरं. का गाडीत बसतं? जागा हाय माह्या बाजूले.”

माय थैली छातीशी धरून जमिनीकडं बघत होती. बाबा हाशहुश करत समोर येऊन उभे राहिले तेव्हा आशाबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “हाव, बरोबर हाय बाई तुहं. टाचा सारख्याच हायेत. वरचा माल तेवढा वेगया.”

सगळी गाडीवाली मंडळी हसली. पुंजाजी हसला, मीही हसले, खोटं कशाला बोलू. फक्त माय हसली नाही.

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. घरी येऊन तिनं थैलीतली भाजी भिंतीशी ओतली आणि तिथंच खाली बसली.

“भाऊजी आले की मी जाते,” ती बाबांना म्हणाली. “मले नाही जमत हे फिरनं. सोया वर्सं झाले लगनाले. सोया वर्सं ज्याच्यामांगं चालली, त्याचा पाय मले भर बाजारात ओयखू आला नाही. लोकाच्या गाडीपाशी जाऊन उभी राह्यली मी!”

मी चूल पेटवायला बसले, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं तरी धुरानं आलं म्हणता येईल.

सोळा वर्षांचा हा हिशेब ऐकून बाबा तिच्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, “टाचाच पाह्यल्या तू सोया वर्सं. वर कवा पाह्यलं?”

माय भाजी निवडायला लागली.

“उद्या आपन फिराले जाऊ. तू पुढं चाल. मी मांगून येतो.”

“येडं लागलं काय? बाई पुढं अन् मानूस मांगं! लोक काय म्हंतीन?”

“म्हंतीन, रंगराव चुकू नये म्हून मांगं चालून राह्यला.”

तुम्हाला वाटेल माय लगेच विरघळली. नाही. दुसऱ्या दिवशी ती रागानंच निघाली, फणफणत, दाखवतेच तुम्हाला अशी. आणि काय चालली! डोकं खाली, पण पुढं टाचा नाहीत, म्हणून तिला वर बघावंच लागलं, नाहीतर सायकलवर आदळली असती. मागून बाबा, वीस पावलं राखून, अगदी मायसारखे. माय भरभर, बाबा धापा टाकत. ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. कोपऱ्यावर बाबांच्या ऑफिसातले इंद्रभानकाका सायकलवरून येत होते. त्यांनी पाय टेकला आणि मोठ्यानं विचारलं, “काय रंगराव, वैनी धरून नेऊन राह्यली काय कचेरीत? गुन्हा काय केला?”

“बाजारात हरवलो होतो,” बाबा म्हणाले, तेवढ्याच मोठ्यानं. “म्हून आता पाहाऱ्यात हाव.”

माय थबकली. मला वाटलं आता ती वळून सरळ घरी जाणार, आणि मग एसटी, सुलतानपूर, गोठा. ती वळली. पदर खांद्यावर आला होता, तो तिनं तसाच ठेवला. बाबांकडं तिनं असं पाहिलं की इंद्रभानकाका सायकल घेऊन निघूनच गेले.

“इकडं या,” ती म्हणाली. “बाजूले या. मांगून येता तं सारे मलेच पाह्यतात. दोघाले मिळून पाह्यतीन तं अर्ध अर्ध होईन.”

बाबा आले. दोघं चालायला लागले, एका रेषेत नाही अजून, बाबा जरा पुढं जायचे, मग आठवण झाल्यासारखे थांबायचे. मी मागं. आणि मला एकदम कळलं की मला आता काही कामच नाही! कुणाचा निरोप कुणाला सांगायचा नाही. बाबा काहीतरी बोलत होते, हात हलवून, माय मान वळवून ऐकत होती, आणि माझ्यापर्यंत एक अक्षर पोचत नव्हतं. मी पाय उचलून जवळ गेले तर माय म्हणाली, “तू जराशी मांगं राहाय.”

आमच्या वर्गात एवढ्या आनंदानं कुणी कधी मागं राहिलं नसेल.

घरी आल्यावर मी विचारलंच, “बाबा काय सांगत होते?”

“काही नाही.” मग भाकरी थापता थापता म्हणाली, “तुह्या बाबाले पोहता येते म्हने. लहानपनी विहिरीत उडी घेऊन बादल्या काढून देत होते गावाच्या. मले मालूमच नव्हतं.” आणि भाकरी तव्यावर टाकायची विसरली.

त्यानंतर ते रोज जायचे. कधी पठाराच्या काठाला, कधी एसटी स्टँडवर, नुसत्या गाड्या लागताना बघायला. एकदा मला न सांगता गेले, आणि मी कुलूप बघून अर्धा तास सरस्वतीबाईंकडे बसले. त्या म्हणाल्या, “मी सांगितलं काय अन् झालं काय!”

पण करमतं, असं मायनं एकदाही म्हटलं नव्हतं. मी विचारायला घाबरत होते. कवायतीत शंभर मुलींपुढं ओरडणारी मी, हो, घाबरत होते.

अमावास्येला कडूबाकाका दुपारच्या गाडीनं आले. मायनं त्यांना पाणी दिलं, जेवायला वाढलं. बाबा मुद्दाम सुटी घेऊन घरी होते, आणि भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्यानं जमीन खरवडत होते. मी पाटी पुसत होते. पाटी केव्हाच कोरडी झाली होती.

काकांनी हात धुतले. “मंग वैनी? बांधलं का गाठोडं? चारची गाडी हाय.”

माय ताट उचलायला वाकली होती, ती तशीच थांबली.

“गमते का इथं?” काकांनी सरळ विचारलं.

“नाही,” माय म्हणाली.

बाबांचा अंगठा थांबला.

“खोटं काऊन बोलू भाऊजी? सकायच्या नऊनंतर हात रिकामे होतात तं जीव घाबरते. म्हातारीची लय याद येते. तुमच्या पोराहीची येते.” तिनं ताट उचललं. “पन मी येत नाही.”

“आँ? गमत नाही अन् येत नाही? असं कसं?”

माय बाबांकडं बघत नव्हती, ताटाकडं बघत होती, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

“याहीचं लहानपनापासूनचं सांगून नाही झालं अजून,” ती म्हणाली. “चौदा वर्साचे झाले तिथपर्यंतच आलं हाय. अजून लगन बी नाही झालं त्याहीचं.”

कडूबाकाकांनी बाबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग परत मायकडं. त्यांना काहीही कळलं नाही, हे अगदी स्पष्ट होतं. बाबा भिंतीकडं तोंड करून टोपी नीट करू लागले. टोपी नीटच होती.

“मंग मी घरी काय सांगू?” काकांनी विचारलं. “म्हातारी इचारन ना.”

“सांगा, वैनी कामात हाय,” माय म्हणाली, आणि ताट घेऊन मोरीकडं गेली.

मी पाटी खाली ठेवली आणि अंगणात येऊन एवढ्या जोरात उडी मारली की सरस्वतीबाई आतून म्हणाल्या, “कोण पडलं गं?”