पंखाखालची खूण

“बाबा, हात लावू नका!” मी ओरडले, पण तोवर थिनरचा बोळा छोट्या विमानाच्या पंखावरून फिरला होता. डाव्या पंखाच्या खालच्या बाजूची गोल खूण, बाहेर केशरी, मध्ये पांढरं आणि आत हिरवं, पार फिसकटली होती. तीन संध्याकाळी डोळ्यांत तेल घालून केलेलं काम सासऱ्यांनी एका फटक्यात पुसलं.

पावणेचार वाजले होते. चार वाजता विमान न्यायला एक वयस्क बाई येणार होत्या. त्यांचा थोरला भाऊ वैमानिक होता, लढाईत गेला. त्याच्या विमानाचं हातभर लांबीचं मॉडेल त्यांनी माझ्याकडे रंगवायला दिलं होतं. मी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर खोटे दात आणि घरी खोटी विमानं, असं नवरा चिडवतो.

“खूण अशी नव्हती,” बाबा म्हणाले.

“फोटो बघून केलीय मी. आणि खालून कोण बघणार आहे?”

“खालूनच बघतात, सूनबाई. जमिनीवर तोफेपाशी बसलेला माणूस खालूनच बघतो.”

त्यांचा आवाज ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला. बाबा हवाई दलात विमानं रंगवायचे, एवढंच आम्हाला ठाऊक. जास्त विचारलं की पेपर तोंडापुढे धरायचे. पण आठवड्यापूर्वी मी या विमानाच्या शेपटीवर नंबर टाकला, तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

“खऱ्या विमानावर हा नंबर मीच घातला होता,” ते म्हणाले. “धावपट्टीवर चिखल. खुणेचा रंग उडालेला, त्यावर चिखल बसलेला. साहेब म्हणाले, रंगवून घे. मी म्हटलं, दमलोय, उद्या करतो. सकाळी मी उठायच्या आत ते उडालं. परत येताना आपल्याच तोफेनं पाडलं. खूण दिसलीच नाही त्यांना.”



“बाईंना सांगू नका,” मी म्हटलं. “शत्रूनं पाडलं असंच माहीत आहे त्यांना. या वयात कशाला? मी भरभर रंगवते परत.”

खरं सांगायचं तर मला बाईंची नाही, बाबांचीच काळजी वाटत होती. आपल्या माणसाला कुणी आपल्याच घरात खुनी म्हटलेलं मला ऐकवलं नसतं. मी केशरी रंगाची बाटली उघडली आणि बेल वाजली. बाई दहा मिनिटं आधीच आल्या होत्या.

विमान गुंडाळायला त्यांनी मऊ टॉवेल आणला होता. त्यांनी विमान हातात घेतलं, नंबरावरून बोट फिरवलं आणि ते उलटं केलं.

“हे काय झालं?”

“माझ्या हातून थिनर सांडलं,” मी म्हटलं.

“नाही. मी पुसलं,” बाबा म्हणाले, आणि उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. ‘दमलोय’ हा शब्दसुद्धा गाळला नाही.

बाई खुर्चीत बसल्या.

“आम्हाला हवाई दलाचा कागद आला होता, शत्रूच्या माऱ्यात गेला म्हणून,” त्या म्हणाल्या. “आईनं तो शेवटपर्यंत उशाशी ठेवला.”

बाबांनी मान खाली घातली. आता बाई विमान इथंच टाकून निघून जातील, असं मला वाटलं. बाईंनी ते उलटं विमान टेबलावरून बाबांकडे सरकवलं.

“रंगवा.”

“हात कापतो हो आता माझा. सूनबाई करेल.”

“तुम्हीच. आणि आजच. मी थांबते.”

बाबांनी ब्रश उचलला. मी त्यांचं मनगट खालून धरलं. केशरी कड वाकडी गेली, पांढरं एका बाजूला फुगलं. लॅबमध्ये असलं काम मी डोळे मिटून परत पाठवलं असतं. मधोमध हिरवं भरून त्यांनी ब्रश खाली ठेवला, तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

माफ केलं असं काही बाई म्हणाल्या नाहीत.

“वाळायला किती वेळ?” त्यांनी विचारलं.

“तासभर तरी,” बाबा म्हणाले.

बाईंनी टॉवेलची घडी मांडीवर घेतली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. बाबा समोर बसले. दोघंही त्या ओल्या खुणेकडे बघत राहिले.