खंडेनवमीची चौथी सुपारी

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीचा मॅनिफोल्ड आहे. नाव परकं असलं तरी काम साधं: इंजिनाला हवा पोचवणं. एका तोंडानं घ्यायची आणि चार हातांनी वाटायची. चाकणच्या एका भट्टीत वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतलं, ते निवलं आणि मी झालो. कोरा होतो तेव्हा चकाकायचो. कौतुक मात्र गाडीच्या रंगाचंच झालं. बॉनेटखालच्याला कोण विचारतो?

माझी गाडी दापोडीच्या रोहिदासभाऊंची. हल्ली तिला एकच काम. त्यांच्या बायकोला, अंबुबाईंना, डायलिसिससाठी पिंपरीच्या दवाखान्यात न्यायचं-आणायचं. येताना त्या मागच्या सीटवर आडव्या होऊन येतात. रिक्षात ते कसं जमावं?

यंदा नवरात्रात माझ्या आणि इंजिनाच्या मधलं पॅकिंग फाटलं. नको तिथून हवा शिरू लागली आणि गाडी उभ्या जागी थरथरायला लागली. गणराज मेकॅनिकनं माझे बोल्ट खोलून मला बाजूला काढलं. इंजिनाची चार तोंडं वर उघडी पडली. त्यांत त्यानं लगेच फडक्याचे बोळे कोंबले. आत काही पडलं आणि इंजिन चालू झालं, की हवेची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह वाकलाच म्हणून समजा.

तो नवं पॅकिंग आणायला गेला. दिवस खंडेनवमीचा, हत्यारांच्या पूजेचा. त्याच्या आई दुर्गाबाई ताट घेऊन आल्या. पाने-पक्कड पुसून मांडले. मला झेंडूचा हार घातला, जन्मातला पहिला! मी सुखावलोच. मग त्यांची नजर बोळ्यांवर गेली.

"देवापुढं चिंध्या? शोभतं का हे?"

बोळे काढून त्यांनी प्रत्येक तोंडावर विड्याचं पान ठेवलं, पानावर सुपारी. दिसत होतं फार सुंदर. पण एक पान सुकून दुमडलं आणि त्यावरची सुपारी आत घरंगळली. मी पाहिलं. मला वाचा कुठं आहे?

पूजेतली हत्यारं दसरा उजाडेपर्यंत उचलायची नाहीत, त्यामुळे सकाळी सगळी घाई. रोहिदासभाऊ अंबुबाईंना घेऊनच आले. बाईंचा चेहरा सुजलेला, बोलताना धाप लागत होती.

"आवरा गणराजभाऊ. माझंबी ऑइल बदलायचंय तिकडं," अंबुबाई म्हणाल्या.

दुर्गाबाईंनी पूजा उचलली. एरवी गणराज बोळे उपसतो, बॅटरी मारून आत बघतो आणि मगच मला बसवतो. आज बोळेच नव्हते, म्हणून बघायचंही राहिलं. नवं पॅकिंग लावून त्यानं मला आवळलं, मधले बोल्ट आधी, कडेचे नंतर. मग किल्लीला हात घातला.

"गणू, सुपाऱ्या तीनच भरतायत रे."

"उंदरानं नेली असंल."

"उंदीर ताटातलं खोबरं ठिवून सुपारी नेतो व्हय?"

गणराजनं किल्ली सोडली. "आई, माझे बोळे कुठंयत?"

"भिजत घातलेत. केवढे मळले होते!"

"अहो, फिरवा की किल्ली," रोहिदासभाऊ कळवळले. "हिला धाप लागलीय. सुपारीच ती!"

"दातानं फुटत न्हाई ती भाऊ, इंजिनाचं काय करंल?"

त्यानं मला पुन्हा खोललं. बॅटरीच्या उजेडात सुपारी दिसली, मिटलेल्या व्हॉल्व्हवर निवांत बसलेली. चिमट्यातून ती सारखी निसटे. दुर्गाबाई आत गेल्या आणि गूळ तापवून घेऊन आल्या. गणराजनं तो तारेच्या टोकाला लावला, सुपारीला टेकवला, घट्ट होऊ दिला आणि अलगद ओढला. निघाली! मग त्यानं आतलं पुन्हापुन्हा पुसलं.

"माझ्याआधी इंजिनाचाच दवाखाना झाला म्हणायचा," अंबुबाई म्हणाल्या. दुर्गाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

आम्ही उशिरा पोचलो, पण पोचलो.

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंचं एवढंच मागणं आहे. काही उघडलंत तर झाकून ठेवा, आणि बंद करण्याआधी एकदा आत वाकून बघा, घाई असली तरी. काहीतरी कमी भरतंय असं घरातलं कुणी म्हणालं, तर हसण्यावारी नेऊ नका.

येताना अंबुबाई मागच्या सीटवर झोपल्या होत्या. माझ्या चारी हातांतून हवा सारखी जात होती. सिग्नलला गाडी थांबली, पण थरथरली नाही. त्यांची झोप मोडली नाही.