‘नही’ म्हणणारा डबा

मित्रांनो, घरावरच्या सौर पॅनेलकडे सगळे मान वर करून बघतात. बॅटरीलाही चांगली कोरडी जागा मिळते. त्या दोघांच्या मधे, भिंतीवर, तळहाताएवढा निळा डबा खिळ्याला अडकवलेला असतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो मी. मला चार्ज कंट्रोलर म्हणतात. आता माझे वय झाले आहे. पडद्यावरच्या आकड्यांच्या काही रेघा पेटत नाहीत. त्या सगळ्या विझण्याआधी माझी हकिकत सांगतो.

मला सपनाने पिंपळनेरच्या बाजारातून निवडून आणले. त्यांच्या मळ्यातल्या घरी वीज केव्हा जाईल याचा नेम नव्हता, आणि तिच्या सासूबाईंना, द्रौपदाबाईंना, दमा होता. औषधाची वाफ देणारे बारा व्होल्टचे छोटे मशीन घरी ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. शंभर वॅटचे पॅनेल आणि बॅटरी घेतली ती त्या मशीनसाठी. दिवे आणि पंखा नंतरचे.

गिरधरभाऊंच्या दुकानात आम्ही तिघे कंट्रोलर शेजारी शेजारी होतो. एक अगदी स्वस्त. त्याच्यावर मोठमोठी अक्षरे होती, पण आकडे दाखवणारा पडदा नव्हता. एक फार महाग. मधला मी. सपनाने पॅनेलमागची माहिती वहीत उतरवून आणली होती.

“पॅनेल जास्तीत जास्त सहा अँपिअर देतं, म्हणजे दहाचा कंट्रोलर पुरे,” ती म्हणाली. “पण बॅटरी उतरली की हा किती व्होल्टला लोड, म्हणजे मशीन-पंख्याची वीज, तोडतो?”

गिरधरभाऊ हसले. “ताई, डबा लेवाले उन्यात का परीक्षा लेवाले?”

“आमच्या आईंचा श्वास त्याच्यावर आहे, भाऊ. कागद दाखवा.”

स्वस्त डब्याच्या खोक्यात कागदच नव्हता. महागड्याचा गुण खरा होता; तेवढ्याच उन्हातून तो थोडी जास्त वीज काढतो. पण पॅनेल आणि बॅटरी दोन्ही बारा व्होल्टची असली, तर त्याचा फायदा थोडाच. माझ्या कागदावर लिहिले होते: अकरा दशांश एक व्होल्टला लोड तोडतो. सपनाने मला पिशवीत ठेवले.

आधी बॅटरीच्या तारा, मग पॅनेलच्या, असे तिने मला नीट जोडले. “आई, हा कधी कधी नाही म्हणेल,” तिने द्रौपदाबाईंना सांगितले. “तेव्हा बॅटरी थकली असं समजायचं.”

दोन वर्षे सुखाची गेली. मी दिवसा बॅटरी भरायचो, भरली की हात आखडता घ्यायचो. द्रौपदाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवून म्हणत, “हाऊ मन्हा राखनदार शे.”

मग एका उन्हाळ्यात सपना तिच्या आईच्या आजारपणामुळे माहेरी, पारोळ्याला गेली. पंखा रात्रंदिवस चालू लागला. बॅटरी उतरे आणि मी पंख्याची वीज तोडी. सपनाचा नवरा राजदीप वैतागला. शेजारच्या मळ्यातला मगन मोटारी दुरुस्त करायचा. तो मला बोटाने टकटक करत म्हणाला, “वहिनी बारावी सायन्स, अन डबा येळ ना वखत, झोपी जास. काढ याले. पंखा डायरेक्ट करी दे.”

डायरेक्ट. आमच्या भागात मोटार असो, मीटर असो, जे मधे येते ते काढून टाकण्याला हा एकच शब्द आहे. पंख्याच्या तारा थेट बॅटरीला बसल्या. आता पंख्याला नाही म्हणणारे कोणी नव्हते. मला फक्त आकडे दिसत: अकरा, साडेदहा, दहा. मी ते दाखवत राहिलो. बॅटरी वारंवार इतकी रिती झाली की तिच्यातल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा टणक थर बसला. तो पुन्हा निघत नाही.

आठव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले. धुळीचा वारा सुटला, वीज गेली, आणि द्रौपदाबाईंना श्वास पुरेना. राजदीपने मशीन लावले; ते अजून माझ्याच तारांवर होते. माझ्यावर बारा दशांश चार असा आकडा होता. तो खोटा नव्हता. पण बॅटरीत दम उरला नव्हता. वाफ आली, द्रौपदाबाईंनी दोन-तीन श्वास घेतले, आणि आकडा घसरत अकरा दशांश एकवर आला.

तोडणे हे माझे काम. मी तोडले.

मित्रांनो, त्या शांततेइतके जड मी काही वाहिलेले नाही. राजदीपने मोटरसायकल काढली. शेजारून धावत आलेला मगन द्रौपदाबाईंना मधे घेऊन मागे बसला आणि दवाखान्यापर्यंत त्याने त्यांना दोन्ही हातांनी धरून ठेवले.

द्रौपदाबाई तिसऱ्या दिवशी घरी आल्या. पारोळ्याहून सपनाही आली. तिने मशीन पाहिले, मला पाहिले.

“पंखा कुठे जोडला होता?”

“डायरेक्ट,” राजदीप म्हणाला, आणि खाली बघत राहिला.

तिने त्या तारा बॅटरीवरून काढून पुन्हा मला जोडल्या. नवी बॅटरी आली. द्रौपदाबाईंना अक्षरे येत नाहीत, पण कापूस मोजण्याच्या काट्यावरचे आकडे त्यांना पाठ आहेत. रोज दिवेलागणीला पंखा लावण्याआधी त्या माझ्यासमोर उभ्या राहून वाचू लागल्या. “आज बारा शे.” किंवा, “अकरा शे. पंखा राहू दे.” मगनही हल्ली आला की आधी माझ्याकडे बघतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी असेल. त्याच्यावरची धूळ पुसा, तारांचे स्क्रू अधूनमधून आवळा. आणि त्याने वीज तोडली, तर त्याला बाजूला सारण्याआधी तो काय वाचवतो आहे, एवढे बघा.

गेल्या आठवड्यात सपनाने मला पिशवीत घालून पुन्हा त्याच दुकानात नेले, माझ्या जागी दुसरा घ्यायला. या वेळी द्रौपदाबाईही सोबत होत्या. गिरधरभाऊंनी नवा चकचकीत डबा पुढे केला. “आक्का, हाऊ जास्त करंट देस.”

द्रौपदाबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“देस ते ठीक शे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “येळवर ‘नही’ म्हनस का?”

गिरधरभाऊ या वेळी हसले नाहीत. ते खोक्यातला कागद शोधू लागले.